लेंड्यांच्या तपासणीत हरणी ‘गाभण’ निघते, पाडस मात्र होत नाही: घोळ नेमका कुठे होतो?

प्राणीसंग्रहालयं आणि प्रजनन केंद्रांतून प्रयोगशाळेकडे येणारी तक्रार बहुतेक वेळा दोनपैकी एक असते. पहिली: ‘तुमच्या अहवालात गाभण होती, आठ महिने वाट पाहिली, पाडस नाही.’ दुसरी: ‘भाकड म्हणून कळपात ठेवली आणि महिन्याभरात व्यायली.’ दोन्हींत पहिला संशय किटवर, म्हणजे लेंडीतली संप्रेरकं मोजण्याच्या तयार संचावर जातो. किट बदललं जातं, पैसे खर्च होतात, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. किटमुळेही घोळ होतो, पण त्याचा नंबर बराच मागे लागतो. नमुना कोणाचा होता, कोणत्या दिवशी उचलला आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्याचं काय झालं, आधी हे विचारावं. खालचा तपास त्याच क्रमाने लिहिला आहे. मुख्यतः चितळ आणि सांबर डोळ्यांसमोर ठेवले आहेत, कारण आपल्याकडच्या प्राणीसंग्रहालयांत तेच जास्त.

आधी थोडक्यात, आपण मोजतो काय. गाय-म्हैस असती तर पशुवैद्यकाने हात घालून गाभण तपासणी केली असती आणि विषय संपला असता. हरणीला धरणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ. पाठलाग आणि झटापटीत स्नायूंची इतकी हानी होते की त्या वेळी बरी दिसलेली मादी पुढच्या काही दिवसांत दगावू शकते; गाभण असेल तर गाभडण्याचाही धोका. म्हणून लेंड्या. मादीच्या अंडाशयातला पीतपिंड (कॉर्पस ल्युटियम) प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक बनवतो, यकृत त्याची मोडतोड करतं, ते तुकडे पित्तातून आतड्यात उतरतात आणि लेंडीवाटे बाहेर पडतात. आपण मोजतो ते हे तुकडे; मूळ प्रोजेस्टेरॉन लेंडीत फारसं शिल्लक नसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, किटचा विषय निघेल तेव्हा ती लागणार आहे.

हे तंत्र नवं नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या फ्रंट रॉयलच्या केंद्रात एल्ड्स हरणांवर, म्हणजे आपल्या मणिपूरच्या संगाईच्या म्यानमारमधल्या भाऊबंदांवर, मूत्रातली संप्रेरकं मोजून गर्भधारणा ओळखण्याचं काम १९९० साली प्रसिद्ध झालं. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या लॅकोन्स प्रयोगशाळेने हिमालयी कस्तुरीमृगात लेंड्यांवरून गाभण ओळखण्याचा अभ्यास २०१६ साली मांडला. (कस्तुरीमृग काटेकोरपणे हरणांच्या कुळातला नाही, पण लेंड्यांच्या बाबतीत अडचणी त्याच.)

एकाच नमुन्यावर निकाल

नव्वद टक्के भांडण इथेच मिटायला हवं. ‘एक पिशवी पाठवतोय, गाभण आहे का सांगा’ या प्रश्नाला चितळाच्या बाबतीत प्रामाणिक उत्तर ‘सांगता येत नाही’ हेच आहे. चितळ मादी साधारण तीन आठवड्यांनी माजावर येते. त्यातले दोन आठवडे, गाभण असो वा नसो, पीतपिंड जोरात असतो आणि प्रोजेस्टेरॉनचे तुकडे वरच्या पातळीवर असतात. त्या दोन आठवड्यांत उचललेली लेंडी गाभण मादीच्या लेंडीसारखीच आकडा दाखवते.

यावर कोणीतरी हमखास म्हणतं की अमेरिकेत यलोस्टोनच्या रानटी वापिटी हरणांची गर्भधारणा लेंडीवरून ठरवली आहे, मग आपल्याला का जमत नाही? तिथे जमतं कारण तिथला माज शरद ऋतूत एकदम येतो आणि आटोपतो. हिवाळा सरताना लेंडी उचलली तर गाभण नसलेल्या माद्यांची चक्रं बहुतेक थांबलेली असतात. आकडा वर असेल तर त्याला दुसरं कारण उरत नाही. चितळाचं तसं नाही. नरांची शिंगं एकाच वेळी गळत नाहीत, कळपात कोणत्याही महिन्यात पक्क्या शिंगांचा एखादा नर तयार असतोच, आणि माद्या वर्षभर फळतात. ऋतू आपल्यासाठी निवाडा करून देत नाही, तो नमुन्यांच्या मालिकेवरून करावा लागतो.

मालिका आहे, पण आठवड्यातून एकदाच

हा घोळ जास्त फसवा, कारण वरवर सगळं शिस्तीत दिसतं. दर सोमवारी नमुना, वहीत नोंद, सगळे आकडे वर, निष्कर्ष गाभण.

माजाच्या आसपास आकडा खाली येतो तो अंदाजे चार-पाच दिवसच. सोमवार ते सोमवार सात दिवस. म्हणजे ती खळगी एक तर दोन नमुन्यांच्या मधे निसटते, नाहीतर एकाच बिंदूत सापडते. आणि एकुलता एक खालचा बिंदू दिसला की काय होतं? ‘हा नमुना खराब असणार’ म्हणून तो खोडला जातो. खोडलेला तो बिंदूच मादी उलटल्याची, म्हणजे न फळता पुन्हा माजावर आल्याची, एकमेव खूण होती. अहवालात गाभण आलेली आणि पाडस न झालेली मादी पुढे आली की आधी हे तपासा: आलेखातून कोणते बिंदू वगळले होते, आणि ते एकमेकांपासून साधारण १९-२० दिवसांच्या, किंवा त्याच्या पटीतल्या अंतरावर आहेत का. असतील तर मादी फळली नव्हती, ती दर खेपेला माजावर येत होती.

उपाय साधा आहे, कंटाळवाणा आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्याला तीन नमुने. आठवड्याला दोन ही तडजोड, एक म्हणजे पैसे वाया. नराने मादीला फळवल्याची नोंद असेल तर त्या दिवसापासून निदान सहा आठवडे, म्हणजे दोन पूर्ण चक्रं जातील इतका काळ. या काळात आकडा एकदाही खाली आला नाही तर ‘बहुधा गाभण’ म्हणा. पहिल्या दोन-अडीच आठवड्यांत कोणी निकाल मागितला तर देऊ नका, त्या टप्प्यात फळलेली आणि न फळलेली मादी सारखीच दिसते.

‘वर’ आणि ‘खाली’ कशाच्या तुलनेत, हेही ठरवावं लागतं. दुसऱ्या प्राणीसंग्रहालयाचा आकडा उचलून स्वतःच्या मादीला लावू नका. प्रयोगशाळा, प्रतिपिंड (किटमधला, संप्रेरकाचे तुकडे पकडणारा घटक), चारा, सगळं वेगळं असतं. त्याच मादीच्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढा, सरासरी अधिक दोन प्रमाण विचलनांपेक्षा (स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे किती विखुरले आहेत याचं माप) वरचे आकडे बाजूला काढा, उरलेल्यांची पुन्हा सरासरी, पुन्हा तेच, जोवर काही बाजूला काढण्यासारखं उरत नाही. शेवटची सरासरी ही त्या मादीची तळरेषा. समजा तळरेषा ३०० नॅनोग्रॅम प्रति ग्रॅमच्या आसपास आली आणि आकडे ११००, १२५०, १०८०, ३४०, २९०, ९८०, ११७० असे आले. मधले ३४० आणि २९० ही माजाची खळगी. तेच ११००, १२५०, १०८०, ७६०, १२१०, १३००, १२६० असे असते, तर ७६० हा नुसता चढउतार, तळरेषेपर्यंत तो पोचलेला नाही.

एक अडचण भेकर आणि पिसोरीच्या बाबतीत येते. व्यायल्यावर या माद्या लगेच पुन्हा माजावर येतात आणि नर सोबत असेल तर लगेच फळतात. आलेख वर्षभर वरच. तळरेषा मिळतच नाही आणि नवखा माणूस म्हणतो किट बिघडलं. अशा जातींत नराला वेगळं ठेवलेल्या मादीचे नमुने आधी हवेत. हैदराबादच्या नेहरू प्राणीसंग्रहालयात २०१० साली सुरू झालेला पिसोरीचा प्रजनन कार्यक्रम २०१७ मध्ये अमराबादच्या जंगलात प्राणी सोडण्यापर्यंत गेला. इतकुशा, लाजाळू जनावराला गाभण तपासणीसाठी धरायचं कोणाच्या मनातही येऊ नये.

लेंडी नक्की तिचीच का?

एका केंद्रातून आलेल्या मालिकेत एका मादीचा आकडा एक दिवसाआड वर-खाली उड्या मारत होता. शरीर असं वागत नाही. पीतपिंड आज आहे, उद्या नाही, परवा परत आहे, असं होत नसतं. एक दिवसाआडच्या उड्या दिसल्या की रसायनशास्त्र बाजूला ठेवा आणि लेंड्या कोण उचलतं ते विचारा. तिथे सकाळी साफसफाईआधी ‘नेहमीच्या झाडाखालून’ नमुना घेतला जात होता, आणि त्या झाडाखाली तीन माद्या बसत होत्या.

खात्रीचा मार्ग एकच: मादी लेंड्या टाकताना डोळ्यांनी पाहणं आणि ती बाजूला झाल्यावर उचलणं. ताजी लेंडी ओळखू येते. कोमट असते, तिच्यावर श्लेष्माचा ओलसर तजेला असतो, आणि उन्हाळ्याच्या सकाळी तो बघता बघता उडून ती मॅट काळी दिसू लागते. तजेला गेलेली लेंडी उचलू नका.

प्रत्येकीवर नजर ठेवणं जमत नसेल तर खूण खाऊ घालतात. खाण्यास निर्धोक अशी चमकी (ग्लिटर) गुळाच्या लहान गोळीत, एकीला हिरवी, दुसरीला निळी. भिजवलेल्या हरभऱ्यांत मिसळूनही चालतं, पण वेगवेगळं खायला घालता आलं पाहिजे. कळपात टाकली तर दांडगी मादी सगळ्या रंगांची मालकीण होते. इथे एक बारकावा बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. चमकी तोंडातून शिरते, पोटाच्या पहिल्या कप्प्यात रेंगाळते, रवंथात पुन्हा तोंडात येते, मग पुढे सरकते. संप्रेरकाचे तुकडे मात्र पित्तातून थेट लहान आतड्यात उतरतात, त्यांना रवंथाची वाट नाही. व्हिएन्नातल्या संशोधकांनी किरणोत्सारी खूण लावलेली संप्रेरकं टोचून १९९६ साली दाखवलं होतं की मेंढीत ती सुमारे १२ तासांत विष्ठेत शिखर गाठतात, लहान घोड्यात सुमारे २४ आणि डुकरात सुमारे ४८ तासांत. मेंढीही रवंथ करणारी, तेव्हा हरणात अंदाज त्याच्या आसपासचा धरतात. चमकी त्याहून उशिरा दिसते आणि दोनतीन दिवस थोडीथोडी येत राहते. म्हणून तिचा उपयोग ‘कोणाची’ एवढ्यापुरता. ‘कधीची’ हे तिच्यावरून काढू नका. मोठे मणी वापरू नका, ते पहिल्या कप्प्यातच तरंगत बसतात.

मूत्र पडलेल्या लेंड्या घ्यायच्या नाहीत. त्यातही प्रोजेस्टेरॉनचे तुकडे असतात, आणि ते मूत्र शेजारणीचं असू शकतं. पावसाळ्यात भिजलेल्या लेंड्याही नकोत. कोकणातल्यासारखा पाऊस असेल तर त्या आठवड्यात छपराखालच्याच उचला, किंवा नोंदवहीत ‘नमुना नाही’ असं लिहा. रिकामी जागा परवडते, चुकीचा आकडा नाही.

उचलल्यानंतर काय झालं

लेंडीत जिवाणू जिवंत असतात आणि ते संप्रेरकाचे तुकडे आणखी मोडत राहतात. काही तासांत आकडा बदलतो, आणि तो खालीच जातो असं नाही: प्रतिपिंडाला अधिक पकडता येतील असे तुकडे तयार झाले तर वरही जातो. उन्हात पिशवी टांगून ठेवलेली, दुपारी जेवणानंतर फ्रीजरमध्ये टाकलेली, अशा नमुन्यांनी अख्खी मालिका वाया घालवली आहे. दोन तासांच्या आत उणे २० अंशांवर, ही साधी सवय.

मग वीज जाते. शुक्रवारी रात्री गेली, शनिवारी आली, आणि सोमवारी फ्रीजर उघडणाऱ्याला काही कळत नाही. यासाठी जुनी युक्ती चालते: कपभर पाणी गोठवा, वर एक नाणं ठेवा, कप फ्रीजरातच राहू द्या. नाणं बुडून पुन्हा बर्फात अडकलेलं दिसलं तर मधे सगळं वितळलं होतं. पिशव्याही सांगतात. नीट गोठलेल्या लेंड्या पिशवी हलवली की सुट्या खुळखुळतात. वितळून पुन्हा गोठलेल्या तळाशी एक ढेकूळ होऊन बसतात आणि पिशवीच्या आत बर्फाचा थर चढलेला असतो. अशी ढेकळं वेगळी काढा, पिशवीवर तसं लिहा आणि प्रयोगशाळेला कळवा. लपवू नका, आलेखात ते दिसतंच.

जिथे फ्रीजरचा भरवसा नाही तिथे त्याच दिवशी ५०-६० अंशांच्या ओव्हनमध्ये पूर्ण वाळवून सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवणं चांगलं. प्रवासालाही हेच बरं, नाहीतर बर्फाचा खोका रेल्वेच्या पार्सलमध्ये दोन दिवस पडून राहतो. एकच अट: मालिकेच्या मधे पद्धत बदलू नका. अर्धे गोठवलेले आणि अर्धे वाळवलेले नमुने एकाच आलेखावर टाकले तर जोडावर उडी दिसते आणि कोणीतरी तिला गर्भधारणा म्हणतं.

चारा बदलला

जूनमध्ये कडबा आणि सुकं गवत, जुलैत हिरवा मका आणि लसूणघास. तंतूंचं प्रमाण बदललं की विष्ठेचं प्रमाण बदलतं, आणि तेवढीच संप्रेरकं कमी-जास्त मालात वाटली जातात. आलेखात सगळ्या माद्यांची रेषा एकाच आठवड्यात खाली किंवा वर सरकलेली दिसते. सगळ्या एकदम गाभण राहत नाहीत. चारा बदलल्याची तारीख नोंदवहीत हवी, आणि आकडा नेहमी वाळलेल्या वजनावर काढलेला हवा. पावसाळ्यातल्या ओल्या वजनावर ‘प्रति ग्रॅम’ काढणं म्हणजे पाणी मोजणं.

आता प्रयोगशाळा

वरचं सगळं ठीक असेल तर मग किटकडे वळू. ओळखीचं लक्षण: सगळ्या माद्यांचे आकडे कमी आणि सपाट, गाभण असल्याचं पक्कं माहीत असलेल्या मादीचाही तसाच. बहुधा कोणीतरी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजण्याचं किट लेंडीवर लावलेलं असतं. त्यातलं प्रतिपिंड मूळ प्रोजेस्टेरॉनशीच इमानदार असतं आणि लेंडीत ते फारसं नसतं, हे वर आलंच आहे. लेंडीसाठी अनेक तुकड्यांना धरणारं, ‘गटाला’ पकडणारं प्रतिपिंड हवं: ५-अल्फा-प्रेग्नेन गटावर बनवलेलं, किंवा सीएल ४२५ नावाच्या प्रतिपिंडासारखं. कोणतं चांगलं हे जातीवर अवलंबून आहे. दोन्ही लावून पाहावं आणि माहितीतल्या गाभण व भाकड माद्यांत ज्याने जास्त फरक दाखवला ते ठेवावं.

अर्क काढण्यात चुकायला फार वाव नाही, पण जिथे आहे तिथे लोक चुकतात. वाळवून दळलेली, चाळून काड्या काढलेली पूड ०.२ ग्रॅम, ८० ते ९० टक्के अल्कोहोल ५ मिलिलिटर, उकळून किंवा जोरात घुसळून, सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव. एकाच ढिगाऱ्यातही संप्रेरक सारखं पसरलेलं नसतं, म्हणून एक लेंडी नव्हे, सात-आठ लेंड्या एकत्र दळा. काड्या न चाळता ०.२ ग्रॅम तोललं तर त्यातलं बरंचसं नुसतं गवत असतं. मग अर्क दुप्पट, चौपट, आठपट पातळ करून प्लेटवर (अनेक नमुने एकदम मोजायच्या खाचांच्या पाटीवर) लावा: त्याची रेषा प्रमाण द्रावणाच्या, म्हणजे माहितीतल्या तीव्रतेच्या द्रावणाच्या, रेषेला समांतर गेली पाहिजे. नाही गेली तर लेंडीतलं दुसरं काहीतरी प्रतिपिंडाला छेडतंय, आणि त्या प्लेटचा एकही आकडा वापरू नये. एकाच प्लेटवरच्या जोडनमुन्यांत १० टक्क्यांच्या वर आणि प्लेट-प्लेटमध्ये १५ टक्क्यांच्या वर फरक असेल तर मादीबद्दल बोलायच्या आधी पिपेट तपासा. एका मादीची अख्खी मालिका शक्यतो एकाच प्लेटवर घ्या.

आणि प्रत्येक प्लेटवर नराचा एक नमुना घालाच, न सांगता, खोट्या क्रमांकाने. ‘गाभण’ नर निघाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

सगळं बरोबर, तरी पाडस नाही

काही वेळा अहवाल खरा असतो. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ जिरून जातो. आलेख वर असतो आणि मग अचानक तळाला येतो, बाहेर काहीच दिसत नाही. मादी गाभडली तरी वार आणि उरलंसुरलं ती खाऊन टाकते. चितळाचं नवजात पाडस गवतात दडून असतं आणि रात्रीत मोकाट कुत्र्यांनी किंवा कोल्ह्याने नेलं तर सकाळी मोजणीत ते कधी आलेलंच नसतं. मादीची कास भरलेली आहे का, निरण (योनीमुख) सुजलेलं किंवा ओघळलेलं आहे का, हे प्राणिपालाला विचारा. रोज चारा टाकणाऱ्या माणसाला हे आपल्याआधी दिसतं, पण त्याला कोणी विचारत नाही.

उलट बाजूने, गाभण नसतानाही आकडा महिनोन्महिने वर राहू शकतो: गर्भाशयात पू झाला असेल तर पीतपिंड विरघळत नाही. आलेख वर, गाभणकाळ उलटला, कास नाही, मादी सुकत चालली, असं असेल तर हा प्रश्न पशुवैद्यकाचा आहे, पुढचे नमुने पाठवत बसू नका. गर्भनिरोधक संप्रेरकाचं रोपण केलं असेल तर तेही प्रतिपिंडाला फसवू शकतं. चितळांची संख्या आवरण्यासाठी असा उपाय केला असल्यास आधी सांगा. तसंच नुकतीच हलवलेली, भूल दिलेली, मारामारीत सापडलेली मादी: ताणाखाली अधिवृक्क ग्रंथीही थोडं प्रोजेस्टेरॉन सोडते, तेव्हा त्यानंतरचे काही दिवस वगळा.

चितळाचा गाभणकाळ साधारण साडेसात महिने, सांबराचा आठच्या आसपास. व्यायच्या सुमाराला आकडा झपाट्याने उतरतो. तो उतार दिसायला हवा असेल तर शेवटच्या महिन्यात नमुने पुन्हा आठवड्याला तीन करा. पाडस दिसल्यावर फ्रीजर रिकामा करण्याची घाई होते, तेव्हा त्या मादीच्या पिशव्या तेवढ्या राहू द्या. तिचे नमुने म्हणजे तारखेसकट पक्की माहिती असलेली गाभण मादी, आणि पुढच्या वेळी नवं किट किंवा नवी प्रयोगशाळा तपासून घ्यायला त्याहून चांगला माल कुठेही विकत मिळत नाही.